मागच्याच्या गळ्यातली घंटा

वारजाईच्या डोंगरावर तीन तळी आहेत. थोरली, मधली आणि धाकटी. तिथे जायचे तर आंबेघोळ गावातून पहाटे निघावे लागते आणि दिवसभर चढावे लागते. आधी कारवीचे रान, मग कड्याच्या पोटातून जाणारी अरुंद वाट, मग कातळाचा उघडा सडा. पाठीवर सॅक असली की ती प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी जड होत जाते, असा सगळ्यांचाच अनुभव आहे.

चढ सुरू होतो तिथे एका जांभळीला काशाची घंटा टांगलेली असते. वर जाणाऱ्यांमध्ये जो सगळ्यात हळू चालतो, त्याच्या गळ्यात ती घालायची आणि त्याला सगळ्यांच्या पुढे चालवायचे, अशी इथली रीत आहे. घंटेच्या पुढे कोणी जायचे नाही. सगळ्यात दमदार माणसाने सगळ्यांच्या मागे राहायचे, आणि घंटावाल्याचे ओझे आपल्या पाठीवर घ्यायचे. शहरातून येणाऱ्या पोरांना हे ऐकून आधी हसू येते. अर्ध्या चढावर ते जाते.

अरुंद वाटेच्या तोंडाशी एक घळ आहे. तिला थांब म्हणतात. ती आतून दगडांनी गच्च भरलेली आहे. एके दिवशी तिच्यापुढे वासंतीबाई फाटक मटकन खाली बसल्या. भाच्याच्या, तेजसच्या, मंडळीबरोबर हौसेने आल्या होत्या. पण गुडघा कुरकुरत होता आणि गळ्यातल्या घंटेची लाज वाटत होती. सगळे आपल्यामुळे खोळंबले, हे त्यांना सहन होईना.

"तुम्ही व्हा पुढं," त्या म्हणाल्या. "मी इथंच थांबते. उतरताना घेऊन जा मला."

वाटाड्या नानू आखाडे काठी टेकून उभे होते. डोक्याला मुंडासे, खांद्यावर घोंगडी, आणि बोलायची घाई कधीच नाही. त्यांनी एकदा बाईंकडे पाहिले, एकदा घळीकडे.

"बसा समदी," ते म्हणाले. "ह्या जाग्यावर आसं कोन बोललं, की गोष्ट सांगावी लागती."

मग त्यांनी सांगितली ती अशी.

फार जुनी गोष्ट. तेव्हा आंबेघोळला गाव नव्हते, गवळी धनगरांचा वाडा, म्हणजे झोपड्यांची वस्ती, होती. त्यांचे सगळे जगणे म्हशींवर. उन्हाळ्यात खालचे झरे आटले की वाडा आपल्या म्हशी घेऊन वरच्या तळ्यांवर जायचा आणि पाऊस लागेपर्यंत तिथेच राहायचा. म्हैस तहानलेली असली की तिला वाटेत थोपवता येत नाही. त्यामुळे वर जाताना सगळी धावपळ. ज्याला पाय उचलवत नाही त्याला ह्या घळीत बसवायचे, जवळ चार भाकऱ्या आणि वाळक्या भोपळ्यात पाणी ठेवायचे, आणि नंतर कोणीतरी येऊन नेईल असे सांगून निघायचे. कधी नेणारा वेळेवर यायचा. कधी नाही यायचा. वाड्यात कोणी त्याबद्दल बोलत नसे, कारण प्रत्येकाच्या घरातले कोणी ना कोणी तिथे बसलेले होते.

अशा वाड्यात ठमी नावाची सून होती. नवरा तापाने गेलेला, मूलबाळ नाही. घरात ती आणि तिची सासू गंगूबाई. ठमी इतकी लहानपणी लग्न होऊन आली होती, की तिची वेणी सासूनेच घातली, तिला धार काढायला सासूनेच शिकवले आणि अंधाराची भीती वाटली तर सासूच्याच घोंगडीत ती झोपली. आई म्हटले की ठमीला गंगूबाईच आठवायची. दोघींचे भांडणही रोज व्हायचे, ते वेगळे.

त्यांच्या घरी चांदी नावाची म्हैस होती. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदी. तिची आई व्याली आणि मेली, तेव्हा त्या रेडकाला गंगूबाईने बोटाने दूध चाटवून जगवले होते. पुढे चांदी साऱ्या कळपाची म्होरकी झाली. तिच्या गळ्यात वाड्याची घंटा आली. ती घंटा वाजेल तिकडे कळप जायचा. घंटा थांबली की कळप थांबायचा.

एका वर्षी उन्हाळा असा पडला, की फाल्गुनातच झऱ्यांत माती दिसायला लागली. वाड्याचा कारभारी मालू गवळी होता. उंचापुरा, छातीचा भक्कम, डोंगर चढताना कोणाला हार न जाणारा. तो वाईट माणूस नव्हता, असे सांगतात. त्याच्या डोक्यावर सगळ्या वाड्याची काळजी होती, आणि काळजी असली की माणूस जोरात चालतो.

वाडा निघाला. कारवीच्या रानातच गंगूबाईची चाल पडली. घळीपाशी पोहोचेपर्यंत ती पार मागे राहिली होती. ती आली तेव्हा मालू तिच्याकडे न बघता म्हणाला, "काकी, तुमी हितं बसा. मी सोता येतो न्यायला."

गंगूबाईने वाद घातला नाही. "व्हय बाबा. तुमी व्हा म्होरं. मी हितंच थांबते," एवढेच म्हणाली आणि पदर सावरून घळीत जाऊन बसली. सासू भांडली असती तर बरे झाले असते, असे ठमीला वाटले.

कोणत्या तळ्यात पाणी उरले आहे ते बघायला मालू एकटाच झपाझप पुढे निघून गेला. चांदी ठमीची, म्हणून कळप आणायचे काम त्याने ठमीवर सोपवले. तो वळणाआड गेला. बायका भाकऱ्या काढून ठेवू लागल्या. ठमी मात्र चांदीजवळ गेली, तिच्या गळ्यातला पट्टा सोडला, घंटा घेऊन घळीत आली आणि सासूच्या गळ्यात घातली.

"ह्ये काय गं?" गंगूबाई दचकली.

"उठा आत्याबाई. आता तुमी चालशीला तसा कळप चालंल."

मालूची बायको सगुणा धावत आली. "ठमे, याड लागलं का तुला? म्हातारीच्या चालीनं गेलो तर म्हशी वाटंतच मरत्याल! साऱ्या वाड्याच्या तोंडात माती घालतीस?"

सगुणाचे म्हणणे खोटे नव्हते. ठमीलाही ते कळत होते. पण तिने डोंगराकडे तोंड केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "वारजाई आई, वाटंत एक जरी जनावर पडलं, तर ह्या घळीत मी बसंन. मला न्यायला कुनी येऊ नगा."

देवीपुढे बोललेला शब्द. तो मोडायला कोणी धजावले नाही. गंगूबाई उठली. घंटा वाजली. चांदीने मान वळवली आणि आपल्याला बोटाने दूध चाटवणाऱ्या म्हातारीच्या मागे चालू लागली. तिच्यामागे सगळा कळप.

नानू इथे थांबले, तेव्हा मंडळीतला एक जण म्हणाला, "पण म्हातारीला म्हशीवर बसवायचं की!"

"बस की तू," नानू म्हणाले. "पान्याच्या वासाला लागलेली म्हस पाठीवर कोन बसलंय ते इचारत न्हाई. थेट खाली दरीत उतरशील."

सगळे हसले. वासंतीबाईही हसल्या. नानूंनी पुढे सुरू केले.

कड्याच्या वाटेवर दर वर्षी एखादी म्हैस जायचीच. मागची पुढचीला ढुसणी द्यायची आणि कडेची खाली जायची. त्या वर्षी घंटा इतकी सावकाश वाजत होती, की ढुसणी द्यायला कोणाला जोरच चढला नाही. एकामागे एक, नाक शेपटीला लावून, सगळ्या पलीकडे निघाल्या. वाट संपली तसे एक रेडकू गुडघ्यावर बसले. तेवढ्यात गंगूबाईलाच धाप लागली आणि ती एका दगडावर टेकली. घंटा थांबली, कळप थांबला. म्हातारी दम खाऊन उठेपर्यंत रेडकूही उठले होते. ते बघून ठमी हसली आणि मग तिला रडू आले, म्हणे.

सड्यावर ऊन रणरणत होते. थोरली आली. तळाला भेगा. मधली आली. तिथे नुसता गाळ. बायकांनी मनातल्या मनात ठमीला काय काय म्हटले असेल ते देवी जाणे. तोंडाने कोणी बोलले नाही. बोलायला तोंडात थुंकी नव्हती.

आणि समोरून मालू आला. ओठ फुटलेले, चेहरा पांढराफटक. तो कधीच धाकटीवर पोहोचला होता. पाण्यावर ओणवा झाला होता, ओंजळ भरली होती, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आले की मागे घंटा ऐकू येत नाही. ज्यांना आपण ओढून आणतोय असे तो समजत होता, ते सगळे मागे कुठे नाहीसे झाले होते. त्याने ओंजळ तशीच सोडली आणि उलटा पळत सुटला.

गंगूबाईच्या गळ्यातली घंटा बघून तो जागीच उभा राहिला. रागावला नाही. म्हशी मोजायचेही त्याला सुचले नाही.

"पानी हाय," तो म्हणाला. "पर थोडकंच हाय. म्हशी एकदम शिरल्या तर घटकाभरात चिखुल व्हईल. मग पावसापतूर कायबी न्हाई." एकटा माणूस काठी घेऊन तहानलेला कळप अडवू शकत नाही, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? वारा धाकटीकडून येत होता. म्हशींनी नाके वर केली होती. "काकी, माज्या पाठीवर बसा. बिगीनं जाऊ, वास भिनायच्या आत."

गंगूबाईने मान हलवली. "तू मला उचाललंस तर घंटा तुज्या चालीनं वाजंल, लेकरा. आन् तुज्या चालीनं ह्या धावत्याल."

मालूला ते लगेच समजले. त्याने तिच्या काखेतले गाठोडे काढून आपल्या खांद्यावर घेतले आणि कळपाच्या पार मागे जाऊन उभा राहिला. डोंगरावर पहिल्यांदाच तो कोणाच्या तरी मागून चालला.

धाकटीच्या काठावर गंगूबाई थांबली आणि तिने घंटेचा लोलक मुठीत धरला. दिवसभर तहानलेल्या म्हशी, समोर हातभर अंतरावर पाणी, आणि चांदीने पाय रोवले. तिच्यामागे सगळ्यांनी रोवले. अंगावरचे कातडे थरथरत होते, पण पाऊल कोणी पुढे टाकले नाही. हा वारजाईचा चमत्कार, असे सांगतात. म्हातारी आधी एक ओंजळ पाणी प्यायली. मग बायकांनी भोपळे आणि मडकी भरून घेतली. मग रेडकांना सोडले, मग म्हशींना थोड्या थोड्या करून काठाकाठाने. पाण्यात एकही खूर पडला नाही. सगळ्यांच्या शेवटी, सगळ्यांच्या आधी पोहोचलेला मालू प्यायला. तळे तळापर्यंत नितळ राहिले आणि पाऊस लागेपर्यंत वाड्याला पुरले.

ठमीला घळीत बसावे लागले नाही. पाऊस लागल्यावर वाडा खाली उतरला, तेव्हा मालूने थांबपाशी एक धोंडा उचलला आणि आत टाकला. मग सगुणाने टाकला. मग ज्यांच्या घरचे कोणी तिथे बसले होते त्या सगळ्यांनी टाकले, रडत रडत. पुढे घळीत माणूस बसेल एवढी जागाच उरली नाही.

नानूंनी गोष्ट संपवली आणि काठी उचलली. वासंतीबाईंनी हात पुढे केला. तेजसने त्यांना उठवले, त्यांची सॅक आपल्या सॅकवर चढवली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. एरवी तो सगळ्यांच्या पुढे पळत असे.

दिवस कलता कलता सगळे धाकटीवर पोहोचले. बाईंनी काठावर थांबून लोलक मुठीत धरला. मागची सगळी तरुण मंडळी, घसे कोरडे पडलेले, जागच्या जागी थांबली. बाईंनी ओंजळ भरली. पाणी इतके गार होते की त्यांच्या डोळ्यांत पाणी आले; निदान त्यांनी तरी कारण तेच सांगितले.

आजही वारजाईच्या डोंगरावर घंटेच्या पुढे कोणी जात नाही, आणि मागचा पोहोचल्याशिवाय धाकटीच्या पाण्याला कोणी हात लावत नाही. आजही उतरताना प्रत्येक जण थांबपाशी एक दगड टाकतो. बहुतेकांचे दगड मुठीएवढे असतात. दुसऱ्या दिवशी वासंतीबाईंनी मात्र वाटेवरचा चांगला मोठा धोंडा निवडला. तेजस उचलायला पुढे झाला तर त्याला हाताने बाजूला केले. आपल्या दुखऱ्या गुडघ्यावर टेकवत टेकवत तो त्यांनी घळीच्या तोंडापर्यंत नेला, आदल्या दिवशी जिथे बसल्या होत्या नेमका तिथे ठेवला, आणि घंटा वाजवत खाली उतरू लागल्या.