अण्णांच्या हाताची निब

खरखर झाली तेव्हा शाल्मली प्रश्नाच्या मध्यावर होती.

"...पण तुम्ही स्वतः, चाचा? रोज लिहायला कुठलं पेन? आणि शाई..."

प्रश्न तिथेच राहिला. हातातलं काळं पेन 'ळ'च्या दुसऱ्या वळणाला कागदात अडलं होतं. पदरात काटा अडावा, तेवढंच.

ती दचकली. तशी ती कुकरच्या शिट्टीनेही दचकायची. पण हे पेन 'झालेल्या' पेनांच्या ट्रेमधलं होतं, आणि दस्तगीरचाचांच्या हाताखालून गेलेलं पेन खरखरलेलं तिने आजवर पाहिलं नव्हतं.

चाचांनी मान वर केली नाही. उजव्या डोळ्याला भिंग, चिमटीत दुसऱ्याच कुणाच्या तरी पेनातून काढलेली निब.

उत्तरही दिलं नाही. या प्रश्नाला ते सतरा गुरुवार उत्तर देत नव्हते.

मिरजेत, सतारी बनतात त्या गल्लीच्या तोंडाशी चाचांचं दुकान. दुकान म्हणजे काय, तर एक जिना, वर एक गादी, एक उतरतं मेज, एक खिडकी. शाईच्या पेनांखेरीज तिथे काही दुरुस्त होत नाही, आणि दुरुस्त झालं नाही असं पेन तिथून बाहेर पडत नाही, असं लोक म्हणत.

शाल्मली सांगलीहून बसने येई. एम.एस्सी. झालेली, घरी चौदा पेनं आणि एकतीस शाया बाळगून असलेली. प्रत्येक शाईचा नमुना वेगळ्या कार्डावर, कार्डामागे सुकायला लागणारे सेकंद. फोनवरच्या पेनवाल्यांच्या गटात कुणी 'रोजच्या वापराला काय घेऊ' असं विचारलं, की बाकीचे म्हणत, थांबा, शाल्मली सांगेल.

आणि ती सांगेही. घामट हाताला कुठली शाई, घाईच्या हाताला कुठली निब. चाचांच्या गिऱ्हाइकांनासुद्धा तिने सांगितलं होतं. एका डॉक्टरीणबाईंना काडेपेटीच्या काडीइतकी जाड रेघ हवी असे. त्यांना तिने मधली निब सुचवली. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका निळ्याखेरीज शाई भरत नसत, काळ्या शाईत आपण सारखं रागावतोय असं वाटतं म्हणून. त्यांना तिने निळसर काळी कशी सभ्य दिसते ते समजावलं. दोघींनी ऐकून घेतलं. दोघींनी आपलंच चालू ठेवलं.

चाचा अशा वेळी भिंग पुसत बसत.

पहिल्या गुरुवारी ती उंबऱ्यापाशी चपला काढून आत आली होती आणि एका दमात म्हणाली होती, मला हे काम शिकायचंय, शिकवाल?

चाचांनी तिच्या पायांकडे पाहिलं होतं.

"चपला काढल्यास. हात?"

तिने हात पाहिले. बोटांना शाई होती. ती ओशाळली, बाहेरच्या नळावर जाऊन साबणाने हात धुऊन आली. तेव्हापासून दर गुरुवारी आधी नळ, मग गादी. चाचा नको म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. पेनं धुवायची, शाई भरायची, शाई नीट उतरते का ते एक ओळ लिहून पाहायचं, एवढं तिच्याकडे आलं. निबेला घासपट्टी लावायची मात्र नाही. तेवढंच खरं शिकायचं होतं, आणि तेवढंच दूर होतं.

आज तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजाला चाचा उठले. टोपी नीट केली, जिना उतरून गेले.

शाल्मलीने काळं पेन पुन्हा उचललं. चाचांचं दुसरं भिंग डोळ्याला लावलं.

निबेच्या टोकाचा दाणा डाव्या अंगाला चपटा झिजला होता. सरळ सरळ दोष. इतका ढळढळीत, की तिला आधी चाचांचीच काळजी वाटली. सत्तरी उलटलेली. नजर गेली असेल का? आणि हे त्यांना कोण सांगणार?

तिच्या पिशवीत तिची स्वतःची पट्टी होती, रेशमासारखी बारीक. तिने इंग्रजी आठाचा आकडा काढत निब फिरवली. दहा वेळा. पाहिलं. आणखी वीस वेळा. दाणा सगळीकडून गोल झाला. ओळ लिहिली... पेन तव्यावरच्या लोण्यासारखं घसरलं.

तिने ते ट्रेमध्ये ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन बसली. 

चाचा आले. ट्रेमधलं तेच पेन त्यांनी आधी उचलावं याचंही तिला नवल वाटलं नाही. भिंग लावलं. पाहिलं.

बराच वेळ पाहिलं...

"चाचा, ती मी..."

"मगदूम अण्णा येतायत पेन न्यायला," चाचा म्हणाले. "बस."

अण्णा आले. पांढरी टोपी, काखेत छत्री, खिशात कोरं पोस्टकार्ड. कवठेपिरानच्या सोसायटीत सचिव होते, आता निवृत्त. पेन हातातून पडून निब वाकली, म्हणून तीन आठवडे ते इथे होतं. बसता बसताच त्यांनी सांगितलं, की तीन आठवडे पत्र नाही म्हणून बेळगावचा थोरला भाऊ आता पुढच्या बसने स्वतःच येतो की काय अशी भीती आहे. भाऊ कानांनी ठार बहिरा. फोनचा उपयोग नाही, आणि मोबाईलवरच्या अक्षरांना तो निरोप मानत नाही. म्हणून रोज एक पोस्टकार्ड. अण्णांचं दुसऱ्या कुठल्या पेनाने भागायचं नाही. दाबून लिहिण्याइतका जोर बोटांत नव्हता.

त्यांनी पेन धरलं आणि शाल्मलीने बोटं पाहिली.

उजव्या हाताची दोन बोटं तरुणपणी उसाच्या चरकात गेली होती. उरलेल्या बोटांत आडवं धरलेलं पेन कागदावर कुशीला निजल्यासारखं पडे. निब डाव्या अंगावर.

डाव्या अंगावर.

अण्णांनी 'प्रिय दादा' लिहायला घेतलं. 'प्रि' उमटलं, 'य' नाही. पेन थोडं फिरवलं. 'दा' अर्धं आलं आणि कोरडी रेघ ओढत गेलं.

"दस्तगीर, हे माझंच का रे?" त्यांनी पेन उजेडात धरलं. "तुझ्याकडं चार दिवस काय राहिलं, मला ओळखंनाच झालंय."

चाचांनी मेजावरची वही मिटली.

शाल्मलीला वाटलं, चाचा आता माझ्याकडे पाहतील. ते खिडकीकडे पाहत होते. पाहिलं असतं तर सोपं झालं असतं.

"मी घासली," ती म्हणाली. "मला वाटलं, दोष आहे."

अण्णा रागावले नाहीत. पेन तिच्यापुढे धरून त्यांनी अगदी कुतूहलाने विचारलं, तिला कसं लागतं ते. तिने लिहून पाहिलं. खोटं बोलणं जमलं नाही. छान लागतं, म्हणाली.

"मग तुझंच झालं की गं," अण्णा म्हणाले. "ठेव."

आणि छत्री घेऊन जिना उतरले. कोरं पोस्टकार्ड मेजावरच राहिलं.

"चाचा, मी काय करू?"

चाचांनी भिंग लावलं आणि पाठ फिरवली.

"चाचा..."

पाठ तशीच.

दुसऱ्या दिवशी ती चौदाच्या चौदा पेनं घेऊन कवठेपिरानला अण्णांच्या घरी गेली. अण्णांनी प्रत्येक पेन लिहून पाहिलं, लग्नातल्या पंगतीत यजमानाचं मन राखायला सगळं थोडं थोडं खावं तसं. हे गोड आहे म्हणाले. हे फार बोलतं. हे कुणातरी शहाण्या माणसाचं दिसतंय. तिचं लाडकं हिरवं पेन त्यांनी सर्वात लवकर परत केलं.

एकही चाललं नाही.

मग ती म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहिते. पोस्टकार्ड गेलं. मधल्या गुरुवारी ती दुकानाकडे फिरकली नाही. आठव्या दिवशी बेळगावचं उत्तर आलं, त्यात तीनच वाक्यं होती. अक्षर कुणाचं आहे? तुझा हात बरा आहे ना? खरं कळव.

अण्णा हसले, पण कार्ड त्यांनी दोनदा वाचलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने पेनांची पेटी घरीच ठेवली. अण्णांना म्हणाली, नुसतं धरून दाखवाल? ती शेजारी बसून पाहत राहिली. पेन किती आडवं, मनगट कुठे टेकतं, 'ळ'च्या दुसऱ्या वळणाला अंगठा कसा मागे सरतो. पाहून पुरेना. तिने विचारून आपला हात त्यांच्या हातावर ठेवला, आणि अण्णांनी कोरड्या पेनाने कागदावर भावाला अख्खं पत्र लिहिलं. दिसत काहीच नव्हतं. तिला सगळं कळत होतं.

बोलता बोलता तिला दुकानातली वही आठवली. पेन झालं की त्याच पेनाने तीत एक ओळ लिहिलेली असे. डॉक्टरीणबाईंची जाड, घाईची ओळ. मुख्याध्यापिकांची सरळ, निळी. तिला वाटे, गिऱ्हाईक येऊन लिहून जातं. त्याच वहीत अण्णांची तिरकी ओळ होती, पेन झालं त्या सोमवारची तारीख घातलेली.

"पेन न्यायच्या आधीच्या सोमवारी तुम्ही आला होतात का दुकानात?"

"छे. तीन आठवडे पायरी चढलो नव्हतो."

"मग त्या वहीत ओळ..."

अण्णा तिच्याकडे पाहत राहिले. "मी कशाला लिहू त्या वहीत? तिथं दस्तगीरशिवाय कुणी लिहीत नाही."

म्हणजे जाड, निळी, तिरकी, सगळ्या ओळी चाचांच्याच हाताच्या. चाचांचं रोजचं पेन कुठलं, हे तिने त्यानंतर कुणालाच विचारलं नाही.

घरी तिने दोन बोटं चिंधीने तळव्याला बांधली आणि उरलेल्या बोटांत ते काळं पेन धरलं. आईने विचारलं, लागलंय का? नाही म्हणाली. पहिल्या दिवशी एक ओळ झाली नाही. दुसऱ्या दिवशी झाली, पण ती तिची होती, अण्णांची नव्हती. बुधवारी संध्याकाळी मनगट आपोआप त्या जागी टेकलं, अंगठा आपोआप मागे सरला, आणि चिंधी सोडली तरी हात तसाच राहिला.

'ळ' लिहिला. दुसऱ्या वळणाला पेन अडलं, कोरडी रेघ उरली.

आणि ती दचकली.

गुरुवारी दुकानाचं दार अर्धं लोटलेलं होतं. फटीतून चाचांची पाठ दिसत होती.

नळ वाटेत होता. तिला तो आठवलाच नाही.

"चाचा..."

पाठ हलली नाही.

उंबऱ्याबाहेर ती उभी राहिली. मागून सतार जुळवल्याचा आवाज येत होता. कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडत होतं, ऐकत होतं, खुंटी पिळत होतं.

"चाचा, येऊ?"

तार पुन्हा छेडली गेली.

तिला वाटलं, परत जावं. चौदा पेनं आहेत, गट आहे, रोज कुणीतरी विचारणारं आहे. तिने खाली पाहिलं. हातात काळं पेन होतं, कुशीला निजलेलं, निब डाव्या अंगावर. ते तसं कधी धरलं गेलं, तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"चाचा," ती तिसऱ्यांदा म्हणाली. "ही निब आता मलापण अडतेय."

भिंग मेजावर ठेवल्याचा बारीक आवाज झाला.

ती घाईने चपलेचा पट्टा सोडायला वाकली. हात अजून अण्णांच्याच ठेवणीत होता, पट्टा काही सुटेना...

"ये," आतून चाचा म्हणाले. "आज हात आणलायस. चपला राहू देत पायात."