तेजरावांचे खूर आणि कोठारातला हरभरा

ही गोष्ट फार जुनी नाही. पण ते राज्य आपलं नव्हे, एवढं आधीच सांगून ठेवलेलं बरं. राज्याचं नाव कुरणपूर. तिथे घोडे, गाई, शेळ्या आणि कोंबड्या गुण्यागोविंदाने राहत आणि दर निवडणुकीत तेजराव नावाच्या घोड्याला राजा म्हणून निवडून देत.

तेजराव लंगडत. आज नाही, काल नाही, वर्षानुवर्षं. पुढचे दोन्ही खूर आतून पेटल्यासारखे दुखत. खुरांची टोकं मोजडीसारखी वर वळलेली. सगळं वजन मागच्या पायांवर टाकून ते असे रेलून उभे राहत, की पाहुण्यांना वाटे, साहेब गहन विचारात आहेत.

धान्यमंत्री होत्या घूसताई बिळकर. त्या प्रत्येक सभेत डोळे पुसत विचारत, "हे पाय कुणासाठी झिजले? तुमच्यासाठी!" जनता गहिवरून ओरडे, "पाय जरी लंगडा, गडी आपला तगडा!"

कोठारातला हरभरा जनतेचा होता. तो चांगला आहे की नाही, हे राजाने रोज चाखून पाहावं, अशी प्रथा घूसताईंनीच पाडली होती. रोजचं चाखणं घमेलंभर होई.

एकदा एका पाणवठ्याच्या उद्घाटनाला तेजराव बैलगाडीतून उतरायला गेले आणि जागीच बसले. उठता येईना. चार बैलांनी ढकलून उभं केलं. जनतेने टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, साहेबांनी मातीला नमस्कार केला. तेजराव मात्र मनातून हादरले. पाय गेल्याने आडवा झालेला घोडा पुन्हा उठत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी गुपचूप ओढ्यापलीकडच्या डॉ. वानरीबाईंना बोलावलं. बाईंनी खूर हातात घेतला, तळव्यावर एका जागी दाबलं आणि साहेब किंचाळले.

"जनतेसाठी झिजलेत हो," ते कण्हत म्हणाले.

"नाही साहेब. हरभऱ्याने सुजलेत."

इतकं स्पष्ट त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं. राग यायला हवा होता. पण का कोण जाणे, हायसं वाटलं. "बरं होईल?" त्यांनी विचारलं.

"धान्य बंद. भिजवून निथळलेलं सुकं गवत खायचं. वाढलेली टोकं मी तासत राहीन, तळव्याला मऊ गादी बांधीन. मऊ वाळूत राहायचं. नवा खूर वरून खाली उतरायला जवळजवळ वर्ष लागेल. आणि भाषणं कमी करा."

"भाषणांचा खुराशी काय संबंध?"

"खुराशी नाही, माझ्या डोक्याशी आहे. मी शेजारीच राहते."

तेजराव ओढ्याकाठी जाऊन राहिले. साहेब चिंतनाला गेले आहेत, असं पक्षाने जाहीर केलं. पहिले काही आठवडे त्यांना स्वप्नात फक्त हरभरा दिसे. मग कळ ओसरू लागली. खुरावर वरून गुळगुळीत, नवा भाग उतरू लागला. अखेर एका सकाळी ते वाळूत चार पावलं दुडक्या चालीने गेले आणि शिंगरासारखे खिंकाळले. वानरीबाईंनी पाठ फिरवून नाक शिंकरलं.

परतल्यावर ते आधी कोठारात गेले. कोठार रिकामं! "घूसताई, मी तर वर्षभर दाणा चाखलेला नाही."

"हळू बोला, साहेब!" घूसताईंनी दार लोटलं. "तुम्ही खात नाही, हे बाहेर कळलं तर लोक विचारतील, मग खातं कोण? उद्या सभा आहे. तेवढं लंगडा. पक्षासाठी!"

दुसऱ्या दिवशी तेजराव लंगडत मंचाकडे निघाले. मैदानाच्या कडेला विरोधी पक्षनेते हंबीरराव रेडे 'चोर घूस हटवा' अशा घोषणा देत होते. मधल्या मोकळ्या जागेत शिंगरं शर्यत लावत होती. तेजरावांचे कान टवकारले. पाय आपोआप उचलले गेले आणि साहेब सुटले! मैदानाला पूर्ण फेरी मारून, शेपूट उंच करून, घामाघूम होऊन ते मंचावर आले.

घूसताईंनी झडप घालून माईक पकडला. "बंधू-भगिनींनो, हीच ती विकासाची घोडदौड!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो थांबल्यावर पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेळी म्हणाली, "पाय बरे झाले, आनंद आहे रे बाबा. पण आमचा हरभरा कुठाय?"

तेजरावांनी खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. तासलेले, सरळ, थंड खूर. पुन्हा खोटं लंगडायची त्यांना भयंकर लाज वाटली. "आजी, पूर्वी मी खाल्ला," ते म्हणाले. "माझे पाय त्यानेच गेले होते. गेलं वर्षभर मी दाण्याला शिवलो नाही, तरी कोठार रिकामं आहे. घूसताई, तुम्ही आत्ता घरी जा. उद्यापासून कोठाराची किल्ली या आजींकडे."

घूसताई घरी गेल्या नाहीत. सूर्य मावळायच्या आत त्या हंबीररावांच्या पक्षात गेल्या. हंबीररावांनी त्यांना हार घातला, पेढा भरवला आणि आपल्या पक्षाच्या अन्नसुरक्षा आघाडीचं अध्यक्षपद दिलं.

एका बातमीदार कावळ्याने विचारलं, "साहेब, सकाळी तर तुम्ही यांना चोर म्हणत होतात!"

हंबीरराव शांतपणे रवंथ करत म्हणाले, "सकाळी त्या तिकडे होत्या."