कधीच नाही न म्हणणारा देव

पूर्वी वेत्रवती नगरात दीर्घकर्ण नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व माळ्याच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव पुन्नक. क्षेत्रपालाच्या देवळात तो फुले देई. त्या देवळाचा गुरव होता सोमिल.

क्षेत्रपाल कौल देई. देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने एकेक पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सोमिल मनाने मऊ. नकार मिळालेल्याचे तोंड त्याला बघवत नसे. शिवाय असा माणूस आणलेला नारळ परत घेऊन जाई. म्हणून एकदा त्याने डाव्या पाकळीला पाण्याऐवजी गुळाचा पाक लावला, आणि पुढे तोच लावत राहिला. त्यानंतर बारा वर्षे देव कोणालाही नाही म्हणाला नाही.

पहिली दोन वर्षे देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. मग एकाच मुलीसाठी दोघांना कौल मिळाला आणि दोन्ही वराती एकाच मुहूर्तावर वाजतगाजत दारात आल्या. एका बांधाच्या भांडणात दोन्ही भाऊ जिंकले. लोकांनी देवाला शिव्या दिल्या नाहीत. ते फक्त यायचे थांबले. येत राहिल्या त्या मुंग्या. देवाच्या डाव्या खांद्यावर त्यांची रांग अखंड असे, आणि सोमिल सांगे, "मुक्या जिवांची केवढी ही भक्ती!"

अखेर गाऱ्हाणे राजापर्यंत गेले. राजा म्हणाला, "सोमिलाला काढावे का, हे देवालाच विचारू. उद्या सकाळी सर्वांसमक्ष कौल लावा."

दुपारी सोमिल धापा टाकत मळ्यात आला. "पुन्नका, घात झाला रे! डावी चिकटून राहिली की देव मला काढा म्हणणार. उद्या गूळ उजवीला लावू का?"

"काका, मग मुंग्यांनाही खांदा बदलावा लागेल."

सोमिल वाफ्याच्या कडेला बसला. "तुला ठाऊक होतं?"

"पाकळ्या मीच देतो ना. दोनदा बोललोही होतो. तुम्ही माझ्या हातावर प्रसाद ठेवलात."

"मग आज राजाचे अमात्य चौकशीला आले, तेव्हा त्यांना का नाही सांगितलंस? त्याबदल्यात देवळाची जमीन देत होते म्हणे तुला."

"तुमचं तुम्ही सांगाल, म्हणून. उद्या दोन्ही पाकळ्या पाण्यानं लावा. देवाला एकदा बोलू द्या की."

"तो कुठला बोलतोय!" सोमिल म्हणाला, आणि स्वतःचेच शब्द त्याच्या कानी पडले. नगरात सर्वांत आधी श्रद्धा कोणाची गेली, हे त्याला त्या वाफ्याच्या कडेला कळले.

सकाळी त्याने देवाचा खांदा ऊन पाण्याने धुतला. दोन्ही पाकळ्या पाण्याने लावल्या. "देवा, या सोमिलाला काढावं का?" बारा वर्षांत प्रथमच तो नारळाकडे न बघता देवाकडे बघत होता.

उजवी पडली.

मागून एक म्हातारी म्हणाली, "हॅ! हा सगळ्यालाच हो म्हणतो. ह्याचं काय ऐकायचं?" सगळे हसले. राजाही म्हणाला, "एवढ्यावरून कोणाचे काम काढून घेता येत नाही. सोमिलाने राहावे."

सोमिलाच्या डोळ्यांतून मात्र धारा लागल्या होत्या. "महाराज, आज गूळ नव्हता हो! देव बोलला!" आणि त्याने सगळे सांगून टाकले.

"म्हणजे माझ्या म्हशीचा कौलही गुळाचाच?" म्हातारीने विचारले.

"गुळाचाच, आजी."

त्याने देवळाची किल्ली देवापुढे ठेवली. लोक त्याच्या अंगावर धावून आले, तेव्हा पुन्नक मध्ये पडला आणि त्याने राजाकडून सोमिलाला मळ्यातल्या कामासाठी मागून घेतले.

आठवड्याने त्या म्हातारीने नव्या गुरवाकडून पुन्हा म्हशीचा कौल लावला. डावी पडली. म्हातारी आळीभर सांगत फिरली, "मला नाही म्हणाला! ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला!" दुसऱ्या दिवशी देवळापुढे रांग लागली.

एवढे सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तो सोमिल म्हणजे येईल त्या उपासकाला 'सगळं चांगलं होईल' असे सांगून वाटेला लावणारा आजचा उपधर. ती म्हातारी म्हणजे त्याला रोज भिक्षा वाढणारी आणि त्याचा एक शब्द न मानणारी उत्पला."

"आणि मुंग्या, भगवन्?" उपधराने खाली मान घालून विचारले.

"त्या अजून मुंग्याच आहेत. त्यांची श्रद्धा गुळावर होती. ती ढळली नाही. आणि तो माळी मीच होतो. ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्ती."