नळीतला अंधार

हत्यारं आपापसात बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. लष्कराने मोडीत काढलेलं एक पिस्तूल सोराबशेठच्या बंदुकांच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात पडून होतं. शेठ ते रोज वरून पुसायचा, पण नळीतलं ग्रीस लष्कराच्या गोदामातून आलं तसंच घट्ट बसलेलं होतं.

शेजारी नळी साफ करायचा गज उभा असे. तो म्हणायचा, "एकदा मला आत येऊ दे की रे."

"नको बाबा," पिस्तूल म्हणायचं. "आत सगळं गंजून गेलंय. निदान झाकलेलं तरी राहू दे."

गिऱ्हाइकं यायची, नळीतून उजेडाकडे बघायची आणि अंधार दिसला की पिस्तूल खाली ठेवायची. कपाटातली बाकीची पिस्तुलं एकेक करून गेली.

एके दिवशी नेमबाजी शिकवणाऱ्या तुळजाबाई आल्या. "शेठ, यातून दिसणार काय, कपाळ!" म्हणत त्यांनी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली, नळी सोडवली आणि गजाला चिंधी गुंडाळून आत घातली. पिस्तूल लाजेने अर्धमेलं झालं. चिंधी आधी काळी निघाली, मग करडी, मग स्वच्छ.

तुळजाबाईंनी नळी खिडकीकडे धरली. "तोंडाशी थोडे डाग आहेत, पण गोळीला फिरकी देणारे आतले आटे अजून धारदार आहेत. द्या बांधून."

कितीतरी वर्षांनी पिस्तुलाच्या आरपार ऊन गेलं. गजाला काहीतरी सांगायला ते वळलं, पण तोवर शेठने त्याला पेटीत ठेवून झाकण लावलं होतं.

झाकणापलीकडून गजाचा आवाज आला, "शेजारीच तर होतो की रे मी."