न हललेला काटा

एकदा एक पदार्थविज्ञानाचा शिक्षक आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला आणि बाकावर बसला. पन्नाशी उलटलेली, खांदे उतरलेले. गुरूंनी निवृत्तीनंतर घराच्या पडवीतच छोटी प्रयोगशाळा थाटली होती.

शिष्य म्हणाला, "सर, मी आता हात टेकले."

त्याचा धाकटा भाऊ त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत असे. आईच्या तेराव्याला, सगळ्या पाहुण्यांदेखत, हा थोरला त्याला म्हणाला होता, "तू आईला घोटभर पाणीसुद्धा पाजलं नाहीस." ते खरे नव्हते. इस्पितळातली जागरणे धाकट्यानेच काढली होती आणि थोरल्याला ते पुरते ठाऊक होते. तेव्हापासून अबोला होता. आता धाकट्याची बदली झाली होती आणि रविवारी तो घर सोडून जाणार होता.

"मी काय करायचं बाकी ठेवलं, सांगा," शिष्य म्हणाला. "त्याचा सिलिंडर मी उतरवून घेतो. त्याच्या पोराला शाळेतून आणतो. त्याच्या नळाला पाणी चढेना, तर प्लंबरच्या मागे मी हिंडलो. इतकी वर्षं झाली, पण जिन्यात भेटला की मान वळवतो. मी थकलो, सर. जाऊ दे त्याला."

गुरूंनी समजूत घातली नाही. एक पसरट काचेचे भांडे पाण्याने भरले. त्याच्या कडेने तांब्याची पट्टी होती, मधोमध पितळी खुंटी. दोन्ही बॅटरीला जोडून, खुंटी धन बाजूला ठेवून, त्यांनी विद्युतदाब मोजणाऱ्या व्होल्टमीटरची सळई शिष्याच्या हातात दिली.

"काटा जागचा हलू न देता ही पाण्यातून फिरव."

हा प्रयोग शिष्य दरवर्षी मुलांकडून करून घेई. आज, या अवस्थेत, तो आपल्याला का करायला लावावा, हे त्याला कळेना. पण सरांना नाही म्हणायची सवय नव्हती. जपून, श्वास रोखून त्याने खुंटीभोवती पूर्ण फेरी घातली.

"पुन्हा," गुरू म्हणाले. ती झाल्यावर परत म्हणाले, "पुन्हा."

मनगट भरून आले तेव्हा त्याने सळई खाली ठेवली. "सर, यात नवीन काय आहे? ही समविभव रेषा, हिच्यावर सगळीकडे दाब सारखाच. हिच्यावरून प्रभार कितीही फिरवला तरी विद्युतक्षेत्राविरुद्ध झालेलं कार्य शून्य."

"आणि मनगट दुखलं ते?"

शिष्य मनगट चोळू लागला.

"दुखणं खरं आहे रे," गुरू हळू आवाजात म्हणाले. "पण क्षेत्राला तुझं मनगट दिसत नाही. धनप्रभार या खुंटीकडे न्यायचा तर खुंटी त्याला मागे ढकलणार. ते सोसून जितका आत नेशील, तितकंच कार्य. तू इतकी वर्षं भावाभोवती फिरलास, पण अंतर राखून. जिथे ढकलला जाशील, तिकडे बोटभर सरकला नाहीस. मी खोटं बोललो, असं त्याला एकदा तरी म्हणालास का?"

"तोंडावर दार लावेल तो."

"लावेलही. पण क्षेत्राविरुद्ध केलेलं कार्य वाया जात नाही, प्रभार तिथे असेतो ते साठून राहतं. हे तूच शिकवतोस ना?" गुरूंनी सळई खुंटीकडे बोटभर सरकवली. काटा चढला.

शिष्य घरी परतला तेव्हा जिन्याच्या तोंडाशी भावाची खोकी रचलेली होती. त्याचा हात सवयीने सुतळीकडे गेला. बांधून द्यावीत म्हणून त्याने एक खोके पुढे ओढलेही. मग सुतळी तिथेच टाकून तो जिना चढू लागला. इतका जड जिना तो कधी चढला नव्हता.

दार धाकट्यानेच उघडले.

"तेराव्याला मी खोटं बोललो. तुझी जागरणं मला माहीत होती."

धाकट्याचा हात दारावरच होता. "सगळ्यांसमोर म्हणाला होतास, दादा."

"हो. सगळ्यांसमोर सांगेन."

धाकट्याने दार लावले नाही. आत जाऊन त्याने खुर्चीवरचे खोके उचलून खाली ठेवले आणि थोरल्याला बसायला जागा करून दिली.

फार दमलो असे वाटेल तेव्हा आपणही एकदा काटा हलला का, ते पाहावे.