उलटी दवंडी

फार पूर्वी, इतक्या पूर्वी की त्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही, नदीकाठी एक नगर होतं. नगरात सात चौक होते आणि सातही चौकांना बातमी पोचवणारा माणूस एकच, दवंडीवाला. दुसऱ्याच्या वतीने बोलून पोट भरायचं काम ज्यांना उद्या करायचं आहे, त्या पोरापोरींनी जरा पुढे सरकून बसावं. गोष्ट त्यांचीच आहे. बाकीच्यांनी ऐकली तरी बिघडत नाही.

जुना दवंडीवाला थकला, तेव्हा त्याची हलगी एका तरण्या पोराच्या गळ्यात आली. पोराचा आवाज असा गोड की बायका चुलीवरचं दूध सोडून दारात यायच्या. हलगी देताना म्हातारा एवढंच म्हणाला, "पोरा, जे सांगायचं ते आधी जाऊन बघून ये. आणि सांगून झालं की पळू नकोस. शेवटचा माणूस विचारायचा थांबेपर्यंत तूही थांब."

पोराने मान डोलावली. मनात मात्र म्हणाला, याचा आवाज फाटका, म्हणून याला एवढा खटाटोप करावा लागला. आपल्याला काय गरज?

त्या वर्षी नदीवर पहिल्यांदाच दगडी पूल झाला. प्रधानजींनी दवंडीवाल्याला बोलावून सांगितलं, "यात्रेच्या दिवशी पूल खुला होईल. एवढंच सांगायचं."

एवढंच सांगायचं म्हणजे आपली हौस भागायची कशी? राजवाड्यासमोरच्या पहिल्याच चौकात त्याने हलगीवर टिपरी मारली आणि गळा मोकळा सोडला. "ऐका हो ऐका! यात्रेला पूल खुला होतोय. असा पक्का पूल, की वरून हत्ती गेला तरी हलायचा नाही!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. सातव्या चौकापर्यंत पोरंटोरं हत्तीचं गाणं करून नाचू लागली. दवंडीवाला खूश झाला. आपण पूल पाहिलेला नाही, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

गाणं राजाच्या कानावर गेलं. राजाला ते भारी आवडलं. त्याने हुकूम दिला, "मग आम्ही हत्तीवरूनच पूल ओलांडू. नगरातली सगळी मुलं आमच्या मागून चालू देत."

यात्रेच्या दिवशी सकाळी दवंडीवाला पहिल्यांदा पुलावर गेला. मिरवणूक येताना आपण कुठे उभं राहायचं, ती जागा त्याला हेरायची होती. मधल्या कमानीवर म्हातारा गवंडी दगडांच्या सांध्यांवर पाणी शिंपडत बसला होता.

"अजून पाणी कशाला, मामा?" दवंडीवाल्याने विचारलं.

"चुना कच्चा आहे बाबा. मधली कमान शेवटी बांधली ना. चार-चार माणसं करून गेली तर काही होणार नाही. एरवी अजून एक पावसाळा जायला हवा."

"आणि हत्ती?"

गवंडी हसला. त्याला वाटलं, पोरगा थट्टा करतोय. दवंडीवाल्याचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू थांबलं.

"हत्तीचं कुणी सांगितलं? मला तर कुणी विचारलंच नाही."

दवंडीवाला तसाच धावत जुन्या दवंडीवाल्याच्या दारात गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. मग म्हणाला, "बाबा, मी जोशीबुवांना गाठतो. मुहूर्त चांगला नाही असं ते म्हणाले, की महाराज थांबतील. कुणाला काही कळायचं नाही."

"महाराज थांबतील," म्हातारा म्हणाला. "लोक थांबतील का? पूल पक्का आहे हा तुझा शब्द सात चौकांत तसाच उभा आहे. आज नाही तर उद्या कुणीतरी बैलगाड्यांची रांग घेऊन जाईलच."

"मग करू काय?"

"उलटी दवंडी."

पोराने हे नाव फक्त ऐकलं होतं. दवंडीवाल्याने चुकीचं सांगितलं असेल, तर पागोटं उतरवायचं, हलगी पाठीला बांधायची आणि सातव्या चौकापासून पहिल्यापर्यंत उलट्या क्रमाने परत यायचं. हलगी वाजवायची नाही. काय सांगितलं, त्यात चूक काय आणि खरं काय, एवढंच बोलायचं. म्हाताऱ्याने उभ्या जन्मात ती दिलेली पाहिली नव्हती.

"माझी नोकरी जाईल, बाबा."

"जाईल कदाचित," म्हातारा म्हणाला. त्याने पोराच्या डोक्यावरचं पागोटं स्वतःच्या हाताने काढून घेतलं.

सातव्या चौकात यात्रेची झुंबड होती. उघड्या डोक्याचा, मुका दवंडीवाला मधोमध येऊन उभा राहिला. जवळच्यांनी पाहिलं, त्यांच्या मागच्यांनी पाहिलं, आणि हळूहळू सगळा चौक गप्प झाला. हलगीच्या आवाजाने अशी शांतता त्याला कधीच मिळाली नव्हती.

"पुलावरून हत्ती जाईल असं मी सांगितलं. ते मी न पाहता सांगितलं. मधली कमान कच्ची आहे. आज पुलावर जाऊ नका."

एक बाई पुढे आली. तिने आपल्या मुलाचा हात घट्ट धरला होता. "माझा लेक त्या हत्तीमागून चालणार होता. तुझं गाणं तो चार दिवस म्हणतोय. तुला लाज कशी वाटली नाही रे?"

"आज वाटतेय, ताई."

तो पळाला नाही. लोकांनी विचारलं ते सगळं त्याने ऐकून घेतलं. ठाऊक होतं तेवढं सांगितलं, नव्हतं तिथे "मला माहीत नाही" म्हणाला. मग सहावा चौक, मग पाचवा. उन्हं चढत होती. प्रत्येक चौकात शिव्या खाल्ल्या. पण मागे वळून पाहिलं तेव्हा त्याच्या पाठोपाठ माणसंच माणसं होती.

पहिल्या चौकात हत्ती सजून उभा होता. अंबारीतून राजाने सगळं ऐकलं.

"आमच्या नावाने तू खोटं बोललास?"

"खोटं नाही महाराज. न पाहता बोललो."

"फरक काय?"

"आज सकाळपर्यंत मला वाटायचं, फरक आहे."

राजा खाली उतरला आणि पायी पुलावर गेला. गवंड्याने त्याला मधल्या कमानीचा सांधा दाखवला. राजाने अंगठा दाबला. तो नखापर्यंत आत रुतला. राजा बराच वेळ अंगठ्याला लागलेला ओला चुना पाहत राहिला. मग मागे उभ्या असलेल्या मुलांकडे त्याने पाहिलं. हत्ती त्याने माघारी पाठवला.

त्या वर्षी सगळी यात्रा खालच्या उतारावरून, गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेली. राजाही तसाच गेला.

शिक्षा झालीच. वर्षभर पागोटं नाही, आणि वर्षभर गवंड्याच्या हाताखाली चुना कालवायचा. पोराचे हात सोलवटले. पण कमान कशी उभी राहते, चुना कधी मुरतो आणि मुरला हे कशावरून ओळखायचं, ते सगळं त्याला कळलं.

पुढल्या यात्रेआधी तो पुन्हा पागोटं घालून पहिल्या चौकात उभा राहिला.

"ऐका हो ऐका. पूल पक्का झाला. मी पाहिला."

एवढंच. लोक काही विचारतील म्हणून तो थांबला. कुणी काही विचारलं नाही. गेल्या यात्रेला त्याची लाज काढणारी ती बाई गर्दीतून उठली, तिने लेकाला पुढे घातलं आणि पुलाची वाट धरली. तिच्यामागे चौक उठला, चौकामागे नगर उठलं. हजारो माणसं त्याच्या चार शब्दांवर पाय ठेवून नदी ओलांडत होती, आणि आपल्या शब्दावर केवढा भार असतो ते पाहून दवंडीवाल्याचा ऊर भरून आला. त्याला थोडी भीतीही वाटली. ती त्याने जन्मभर जपली.

तात्पर्य: न पाहिलेलं लोकांना सांगू नये, आणि चुकून सांगितलंच, तर जिथे सांगितलं तिथेच उभं राहून आपल्या तोंडाने मागे घ्यावं.