गोजाबाईची वीतभर वाट

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. बोरगव्हाणात तेव्हा गोजाबाई नावाची एक बाई तान्ह्यांना न्हाऊ घालायची. गावातलं एकूण एक पोर तिच्या पायांवर न्हायलं होतं. तिनं तेलाचा हात पाठीवरून फिरवला की किरकिरं पोर झोपेतसुद्धा हसायचं, असं म्हणतात.

त्याच गावात रखमा कोष्टीण राहायची. तिची तीन बाळं गेली होती. चौथा सोपान जगला आणि त्याला जपायचा सगळ्या गावानं चंगच बांधला. सोपानला जमीन म्हणून लागू द्यायची नाही! सकाळी शेजारणीच्या कडेवर, दुपारी झोळीत, संध्याकाळी पारावरच्या म्हाताऱ्यांच्या मांडीवर. माया नुसती उतू चालली होती. पण पोर सव्वा वर्षाचं झालं तरी पालथं पडेना की बसेना.

"गोजाबाईच्या हाताचा गुण गेला," लोक म्हणू लागले.

रखमा तिच्यापुढे रडली. "मावशे, माझं पोर असंच लोळागोळा राहणार का गं?"

गोजाबाई तोंडाची फटकळ. म्हणाली, "हातपाय धड हायेत त्याचे. तुम्ही वापरू दिलेत कुठं? घोंगडी अंथर अन् ठेव त्याला पालथं. कुणी उचललं तर माझ्याशी गाठ हाय!"

सोपाननं आकांत मांडला. रखमा दाराशी पदर तोंडात कोंबून उभी राहिली. तेव्हा सत्तरीची गोजाबाई त्याच्यासमोर सरळ पालथी पडली, हनुवटी जमिनीला टेकवून. पोर रडायचं थांबलं. तिचं तोंड नीट दिसावं म्हणून त्यानं मान उचलली.

दुसऱ्या दिवशी ती वीतभर मागं सरकली. तिसऱ्या दिवशी आणखी वीतभर. तिच्या नाकाला हात लावायला सोपान पुढं पुढं येऊ लागला. किती महिने गेले कोण जाणे, पण घोंगडीवरून ओसरीत, ओसरीतून अंगणात आणि अंगणातून पार नदीपर्यंत ती पोटावर सरकत गेली, असं म्हणतात. वाटेतले काटे आपणहून बाजूला झाले, असंही म्हणतात. मी काही बघायला नव्हते. पण त्या वाटेवर आजही बाभूळ उगवत नाही, तेवढं मी बघितलंय.

नदीकाठी सोपाननं तिच्या खांद्यावर हात रोवले, गुडघे सरळ केले आणि तो उभा राहिला. गावानं एकच गलका केला. रखमा धावली, पण तिनं त्याला उचललं नाही. पोर आपल्या पायांनी दोन पावलं तिच्याकडे आलं.

"मावशे, ऊठ की आता! बघ तरी!"

मावशी उठली नाही. हनुवटी तशीच मातीवर होती आणि डोळे पोराच्या पावलांकडे. गोष्टीत इथवर आले की मला दरवेळी वाईट वाटतं.

बोरगव्हाणात अजून रीत आहे. बाळ पुढं सरकायला लागलं की घरातलं सगळ्यात मोठं माणूस, मग ते गावचे सरपंच का असेनात, टोपी काढून त्याच्यासमोर पालथं पडतं आणि वीत वीत मागं सरकतं. बायका तोंडाला पदर लावून हसतात. बाळाला मात्र कुणी उचलत नाही. बाळानं नाकाला हात लावला की सगळे मिळून त्या पडलेल्या माणसाला हात देतात. माणूस मिशीवाला असला तरी त्याला म्हणतात, "मावशे, ऊठ."